फवारणी यंत्राचे इंजिन रेस का घेत नाही?

धान पोटरीत असताना तपकिरी तुडतुड्यांचा उद्रेक झाला, की उपायासाठी फार दिवस हाती उरत नाहीत. रायपूर-धमतरीच्या मैदानी भागात सप्टेंबर-ऑक्टोबर हा तो काळ. महाराष्ट्रातील गोंदिया, भंडारा, गडचिरोलीच्या धानपट्ट्यातही हीच वेळ असते. नेमके याच वेळी, कित्येक महिने कोठीत पडून असलेले पाठीवरचे पेट्रोल फवारणी यंत्र बाहेर काढले जाते. ते सुरू होते, मंद गतीवर नीट चालते. पण थ्रॉटलचा दांडा पुढे सारताच गुदमरते आणि बंद पडते, नाहीतर अर्ध्या गतीवरच रेंगाळत राहते. शेतकरी त्याच गतीवर बांधी उरकतो. आठवड्याने तुडतुडे तेवढेच दिसले, की खापर औषधावर फुटते आणि दुकानातून अधिक जहाल औषध आणले जाते.

दोष पुष्कळदा औषधाचा नसतो. तपकिरी तुडतुडे पानांवर नव्हे, तर चुडाच्या बुंध्याशी, बांधीतील पाण्याच्या थोडे वर बसून रस शोषतात. हवेच्या झोतावर चालणाऱ्या यंत्रात द्रावणाचे बारीक थेंब मुख्यतः पंख्याच्या वेगवान हवेमुळे बनतात. इंजिनाची गती उतरली, की थेंब जाड होतात आणि वरच्या पानांवरच अडकतात. या यंत्रांत टाकीवरचा दाबही पंख्याकडूनच येत असल्याने द्रावणाचा प्रवाहही घटतो. समजा, मिनिटाला २ लिटरऐवजी १.४ लिटर द्रावण सुटू लागले आणि फवारणाऱ्याची चाल तीच राहिली, तर एकरी मात्रा ३० टक्क्यांनी कमी होते. मग तुडतुड्यांना अपुरी मात्रा मिळते आणि चुडात वावरणारे कोळी व मिरीड ढेकूण मात्र मरतात. काही कीटकनाशकांना, विशेषतः इमिडाक्लोप्रिडला, आशियातील अनेक देशांत हे तुडतुडे दाद देईनासे झाले आहेत. अशा वेळी अपुऱ्या मात्रेची फवारणी परवडण्यासारखी नाही.

निदानाची सुरुवात कार्ब्युरेटर खोलून करू नये. आधी केबल पाहावी. इंजिन बंद ठेवून आणि एअर फिल्टर काढून दांडा पूर्ण पुढे केला असता कार्ब्युरेटरमधील झडप पूर्ण उघडते की नाही, हे डोळ्यांनी दिसते. केबलला बाक आला असेल, आतील तारेचे पीळ सुटले असतील किंवा टोकाचा नट सरकला असेल, तर दांडा पूर्ण फिरतो पण झडप अर्धीच उघडते. हा दोष दहा मिनिटांत दूर होतो. तरीही तो पाहण्यापूर्वीच कार्ब्युरेटर बदलले जातात!

केबल ठीक असेल, तर पुढची कसोटी चोकची. टाकीत केवळ स्वच्छ पाणी भरून इंजिन चालवावे, ते गरम होऊ द्यावे, थ्रॉटल उघडावा आणि गुदमरू लागताच चोक किंचित ओढावा. इंजिन सावरले, तर त्याला पेट्रोल कमी पडत आहे, असे समजावे. आणखी बसले, तर पेट्रोल जास्त किंवा हवा कमी. या एका कसोटीने शोधाचा मार्ग निम्म्याने कमी होतो. स्पार्क प्लग त्याला दुजोरा देतो. त्याचे टोक फिकट तपकिरी असावे. काळे व ओले असेल तर मिश्रणात पेट्रोल जास्त, पांढुरके असेल तर कमी. पेट्रोल जास्त होण्याचे सर्वांत सामान्य कारण म्हणजे धूळ आणि तुसाने गच्च झालेला एअर फिल्टर. पेट्रोल कमी पडण्याची कारणे मात्र अनेक आहेत: टाकीतील गाळणी, कडक झालेली नळी, कार्ब्युरेटरच्या जेटमध्ये जुन्या पेट्रोलचा साचलेला चिकट थर, किंवा कार्ब्युरेटर व सिलिंडर यांमधील गॅस्केटमधून आत शिरणारी फाजील हवा. हे शेवटचे कारण धोक्याचे आहे. दांडा मागे घेतल्यावरही गती उतरायला वेळ लागत असेल, तर यंत्र तसेच चालवू नये. तेल-पेट्रोल कमी मिळून पिस्टन जाम होतो.

इंजिन पाच-दहा मिनिटे उत्तम चालून मग हळूहळू मान टाकत असेल, तर पेट्रोल टाकीचे झाकण किंचित सैल करून पाहावे. इंजिन लगेच उभारी धरते का? तसे असेल तर झाकणातील हवेचे छिद्र बुजले आहे. येथे कीटकशास्त्राचा संबंध येतो. कुंभारमाश्या अशा बारीक छिद्रांत आणि सायलेन्सरच्या तोंडात मातीची घरटी करतात. १९९६ मध्ये डोमिनिकन रिपब्लिकजवळ एक प्रवासी विमान समुद्रात कोसळून १८९ जण मृत्युमुखी पडले. वेग मोजणाऱ्या नळीत अशाच माशीने केलेले घरटे हे त्याचे संभाव्य कारण मानले गेले. कोठीत ठेवलेल्या यंत्राची तोंडे जाळीदार कापडाने बांधणे यापेक्षा कितीतरी सोपे आहे.

गती हळूहळू न उतरता बटण दाबल्यासारखे इंजिन तुटक बंद पडत असेल, तर संशय इंधनावर नव्हे, प्लग, कॉइल किंवा स्विचच्या वायरवर घ्यावा. मंद गती चांगली, प्लग चांगला, पेट्रोलही पोहोचते, तरीही पूर्ण गती येत नसेल, तर सायलेन्सरमध्ये काजळी साचलेली असते. अंदाजाने ओतलेले जादा तेल आणि सतत अर्ध्या गतीवर काम, ही तिची कारणे.

कान फसवतो असा एक प्रकारही आहे. पंख्याच्या जाळीला पेंढा किंवा पाने चिकटली, की पंख्यावरचा भार कमी होऊन इंजिन उलट अधिक चढ्या आवाजात चालते, पण झोतात जोर नसतो. केवळ आवाजावरून यंत्र ठीक आहे असे ठरवणाऱ्याच्या हे ध्यानात येत नाही.

२०२३ पासून २० टक्के इथेनॉलमिश्रित पेट्रोल पंपांवर येऊ लागले, तेव्हापासून जुन्या यंत्रांच्या तक्रारींकडे वेगळ्या नजरेने पाहावे लागते. इथेनॉल जुनी रबरी नळी व डायाफ्रॅम फुगवते आणि ठरावीक जेटच्या कार्ब्युरेटरमध्ये मिश्रण थोडे पातळ करते. ते हवेतील ओलावाही शोषते. पाणी वाढले, की इथेनॉल-पाण्याचा थर वेगळा होऊन तळाशी बसतो. इंजिन प्रथम तोच थर ओढते आणि त्यात टू-स्ट्रोकचे तेल नगण्य असते. संशय असल्यास थोडे इंधन काचेच्या बाटलीत तासभर ठेवावे, थर दिसतो. मिश्रण आठवड्यापुरतेच करावे. तेलाचे प्रमाण यंत्राच्या पुस्तिकेनुसार ठेवावे: १:२५ म्हणजे लिटरला ४० मिली, १:५० म्हणजे २० मिली. हंगाम संपल्यावर टाकी रिकामी करून इंजिन आपोआप बंद पडेपर्यंत चालवावे.

गंगरेल जलाशयावरील मोटारबोट असो वा कोकणातील होडीचे इंजिन, थ्रॉटलच्या तक्रारींचे निदान बरेचसे असेच होते. फरक इतकाच, की फवारणी यंत्राच्या भागांवर विष असते. जेट वा नोझल तोंडाने फुंकण्याची सवय येथे जीवघेणी ठरू शकते. यवतमाळ जिल्ह्यात २०१७ मध्ये फवारणीच्या विषबाधेने शेतकरी-शेतमजुरांचे बळी गेले, हे प्रत्येक कृषी सहायकाला ठाऊक आहे. यंत्र आधी साबणाच्या पाण्याने धुवावे, हातमोजे घालावेत आणि जेट तारेने न टोकरता हवेच्या पंपाने साफ करावा.

दुरुस्तीनंतर स्वच्छ पाणी भरून पूर्ण थ्रॉटलवर एक मिनिट फवारा सोडावा. टाकीत भरलेल्या पाण्यातून उरलेले वजा केले, की मिनिटाचा प्रवाह मिळतो. हा आकडा तारखेसह टाकीवर रंगाने लिहून ठेवावा. पुढच्या हंगामात पहिल्या फवारणीआधी हेच मोजमाप पुन्हा घ्यावे.