महालातला राजवाडा जळाला, दगड का नाही जळाला?

नागपूरकर भोसल्यांचा महालातला जुना राजवाडा काळ्या बेसॉल्ट दगडाचा होता आणि त्यावर लाकडी कोरीवकामाची रेलचेल होती. १८६४ मध्ये तो आगीत सापडला. कोरीवकाम गेले, राजवाडा गेला. उरला तो भव्य दरवाजा.

लाकूड जळते आणि दगड जळत नाही, हे शेंबडे पोरही सांगेल. पण का जळत नाही, असे त्याच पोराने उलट विचारले तर भल्याभल्यांची दांडी उडते. 'दगड कठीण असतो म्हणून' हे उत्तर चालणार नाही. दगडी कोळसाही कठीणच असतो, तो मस्त जळतो. उत्तर दडले आहे ते द्रव्य, मूलद्रव्य आणि संयुग या शाळेत पाठ करून विसरलेल्या तीन शब्दांत.

लाकूड गेले कुठे?

जळाले म्हणजे संपले, असे आपण म्हणतो. रसायनशास्त्र तसे म्हणत नाही. ज्याला वस्तुमान आहे आणि जे जागा व्यापते ते द्रव्य, आणि जळताना द्रव्य नाहीसे होत नाही. फक्त जोडीदार बदलतात.

कोरड्या लाकडात वजनाने साधारण निम्मा कार्बन असतो, सहा टक्क्यांच्या आसपास हायड्रोजन आणि उरलेला बहुतेक ऑक्सिजन. लाकूड पेटले की कार्बन हवेतल्या ऑक्सिजनला धरतो आणि कार्बन डायऑक्साइड होतो. हायड्रोजन ऑक्सिजनला धरतो आणि पाण्याची वाफ होते. हिशेब मांडला तर गंमत दिसते. एक किलो कोरडे लाकूड पूर्ण जळाले तर सुमारे १.८ किलो कार्बन डायऑक्साइड आणि अर्धा किलो वाफ तयार होते. म्हणजे एक किलोचे झाले दोन किलोंहून जास्त! वरचे वजन हवेतून घेतलेल्या ऑक्सिजनचे. हाती उरते ती चिमूटभर राख, कारण बाकीचे सगळे वायू होऊन उडून गेलेले असते. राजवाड्याचे लाकूडही असेच नागपूरच्या हवेत मिसळले.

दगड 'आधीच जळलेला' असतो

आता बेसॉल्ट. दख्खनच्या पठारावर सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हा पसरला आणि थंड झाला, त्याचा हा दगड. महालातून दिसणारी सीताबर्डीची टेकडीही त्याचीच. या दगडात सिलिकॉन, ॲल्युमिनियम, लोह, कॅल्शियम, मॅग्नेशियम ही मूलद्रव्ये आहेत, पण मोकळी नाहीत. प्रत्येक जण ऑक्सिजनशी आधीच घट्ट बांधला गेलेला आहे. बेसॉल्टच्या वजनात निम्म्याच्या जवळपास तर नुसती सिलिका, म्हणजे सिलिकॉन आणि ऑक्सिजन यांचे संयुग.

जळणे म्हणजे ऑक्सिजनशी जोडले जाणे. ज्याचे लग्न आधीच लागले आहे, त्याला मांडवात पुन्हा उभे करून उपयोग काय? आगीत बेसॉल्ट तापतो, काळवंडतो, एकीकडे जास्त तापला तर तडकतोही, पण पेट घेत नाही. त्यातल्या काही लोहाला थोडा आणखी ऑक्सिजन घेता येतो, तेवढे मात्र खरे. जुन्या काळ्या दगडावर जो तांबूस थर दिसतो, तो त्याचाच.

सोन्याची तऱ्हा उलटी. ते मोकळेच असते, तरी ऑक्सिजनला दाद देत नाही. १०६४ अंशांना वितळेल, पण राख व्हायची नाही.

मूलद्रव्य कोणते, हे ठरवायचे कसे?

व्याख्या सोपी आहे. ज्याचे रासायनिक रीतीने आणखी साधे तुकडे होत नाहीत ते मूलद्रव्य. दोन किंवा अधिक मूलद्रव्ये ठरावीक प्रमाणात जोडली गेली की संयुग. प्रमाण ठरावीक नसेल, नुसतीच सरमिसळ असेल, तर ते मिश्रण. हवा हे मिश्रण, पितळ हे मिश्रण आणि २२ कॅरेटचा दागिनाही मिश्रणच.

व्याख्या सोपी असली तरी ओळखताना मोठमोठे चुकले आहेत. फ्रान्सच्या लाव्हाझिएने १७८९ मध्ये ३३ मूलद्रव्यांची यादी दिली. तिच्यात चुना होता आणि सिलिकाही. कारण त्या काळी कोणालाच त्यांचे तुकडे करता येत नव्हते. १८०८ मध्ये हम्फ्री डेव्हीने विजेच्या मदतीने चुन्यामागचा कॅल्शियम धातू वेगळा काढला आणि चुना संयुगांच्या रांगेत जाऊन बसला. राजवाडा जळाला तेव्हा मेंडेलीवची आवर्तसारणीही आलेली नव्हती. ती आली पाच वर्षांनी, १८६९ मध्ये. आज यादी ११८ वर गेली आहे.

चुन्याचा विषय निघालाच आहे तर थोडे थांबू, कारण जुन्या वाड्यांच्या भिंती त्यानेच सांधलेल्या असतात. चुनखडी ९०० अंशांच्या आसपास भाजली की १०० ग्रॅममधून ४४ ग्रॅम कार्बन डायऑक्साइड निघून जातो आणि ५६ ग्रॅम चुनकळी उरते. तिच्यावर पाणी घातले की ती फसफसते, तापते आणि चुना विरतो. भिंतीत गेल्यावर हा चुना हवेतला कार्बन डायऑक्साइड हळूहळू परत ओढून घेतो आणि पुन्हा चुनखडी बनतो. भट्टीत जे गेले ते भिंत वर्षानुवर्षे गोळा करत बसते.

हे घरात कुठे कामी येते?

हायड्रोजन जळतो, ऑक्सिजन जाळायला मदत करतो आणि दोघांचे संयुग असलेले पाणी आग विझवते. संयुगाचे गुण घटकांसारखे नसतात, ते असे. पाणी म्हणजे जळून झालेला हायड्रोजन; शिवाय ते उष्णता भरपूर शोषते. मात्र कढईतल्या पेटलेल्या तेलावर ते कधीही ओतू नये. पाणी तेलापेक्षा जड, म्हणून तळाशी जाते, क्षणात वाफ होऊन सुमारे १७०० पट फुगते आणि जळते तेल स्वयंपाकघरभर उडवते. गॅस बंद करायचा, घट्ट झाकण ठेवायचे आणि कढई हलवायची नाही.

दुसरी गोष्ट नागपूरच्या थंडीची. १२ ग्रॅम कार्बनला ३२ ग्रॅम ऑक्सिजन मिळाला तर कार्बन डायऑक्साइड होतो. बंद खोलीत कोळशाची शेगडी ठेवली आणि ऑक्सिजन कमी पडला, तर काही कार्बनच्या वाट्याला १६ ग्रॅमच येतो आणि कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. मूलद्रव्ये तीच दोन, प्रमाण तेवढे निम्मे. या वायूला रंग नाही, वास नाही. रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनपेक्षा २०० पटींहून अधिक घट्ट धरतो. झोपलेल्या माणसाला काही कळत नाही. हवा खेळत नसलेल्या न्हाणीघरातल्या गॅस गिझरचाही धोका हाच.

शेगडी पेटलेल्या खोलीत डोके जड झाले, मळमळले, गुंगी आली, तर ते सर्दीचे समजून पांघरूण ओढून घेऊ नये. दार उघडून सगळ्यांना आधी मोकळ्या हवेत आणावे आणि १०८ ला फोन करावा. शेगडी नंतर विझवली तरी चालते.