नर की मादी? सरड्यांच्या अंड्यातले गणित

जबलपूरच्या बागांत, कुंपणांवर दिसणारा सरडा म्हणजे ‘कॅलोटिस व्हर्सिकलर’. गुणसूत्रे ३४, त्यांत वेगळी ओळखू येणारी लिंग-गुणसूत्रांची जोडी नाही. धारवाडच्या कर्नाटक विद्यापीठातील प्रयोगांत उबवणीचे तापमान वाढवत नेल्यावर मादी, नर, मादी, नर असा क्रम मिळाला. सरड्यांत लिंग ठरण्याचे प्रकार असे :

• एक्स-वाय : नराची जोडी विजोड. उदा. अमेरिकेतील हिरवा अनोल.

• झेड-डब्ल्यू : मादीची जोडी विजोड. उदा. घोरपड.

• तापमान : उबवणीची उष्णता लिंग ठरवते. सरपटणाऱ्या प्राण्यांतील पहिली नोंद १९६६ची; मादलेन शार्निए यांची, सेनेगलमधील अगामा सरड्यावर.

• मिश्र : ऑस्ट्रेलियातील दाढीवाला ड्रॅगन. झेड-झेड म्हणजे नर. पण सुमारे ३२ अंश सेल्सिअसच्या वर अशी अंडी उबली, तर मादी निपजू शकते.

• तुलनेसाठी मगर : नर्मदेत आढळते, सरड्यांच्या कुळातली नाही. लिंग-गुणसूत्रे नाहीत, लिंग तापमानावरच ठरते.