लाडका खेळाडू विरोधी संघाला विकावा का?

हॉस्टेलवर फुटबॉलचा विषय निघाला की एक वाद हमखास होतो. क्लबने आपला सगळ्यात लोकप्रिय खेळाडू नेमका तगड्या प्रतिस्पर्ध्यालाच द्यावा का? एक गट म्हणतो, हा चाहत्यांचा विश्वासघात आहे. दुसरा म्हणतो, पैसे मिळतात ना, मग कुणाला दिला याने काय बिघडतं? दोघांचंही थोडं थोडं खरं आहे. पण आधी हे समजून घ्यायला हवं की यात क्लबच्या हातात असतं तरी किती.

खेळाडू काही वस्तू नाही. विकला जातो तो त्याच्या कराराचा उरलेला काळ. तीन वर्षांच्या करारातलं एक वर्ष झालं असेल, तर उरलेल्या दोन वर्षांची भरपाई नवा क्लब जुन्याला देतो. खेळाडूची संमती लागतेच. करार संपला की भरपाईही संपली. युरोपात 1995 च्या बोसमान निकालाने हे पक्कं केलं. 2001 मध्ये सोल कॅम्पबेल टॉटनहॅमचा करार संपवून थेट शेजारच्या आर्सेनलमध्ये गेला आणि चाहत्यांनी त्याला यहूदा ठरवलं. बायबलमधल्या त्या व्यवहारात निदान तीस नाणी तरी दिली गेली होती. इथे टॉटनहॅमला दमडीही मिळाली नाही! आपल्याकडे 2024 मध्ये ब्रँडन फर्नांडिस एफसी गोवा सोडून मुंबई सिटीकडे गेला, तोही करार संपल्यावरच.

दुसरा प्रकार म्हणजे करारात आधीच लिहिलेली रक्कम. ती कुणी भरली की क्लबला खेळाडू अडवून ठेवणं अवघड. 2019-20 च्या आयएसएलमध्ये गोव्याने लीग शील्ड जिंकली आणि ह्युगो बुमूस त्या मोसमाचा सर्वोत्तम खेळाडू ठरला. 2020 मध्ये मुंबईने अशीच रक्कम भरून त्याला नेलं. बातम्यांनुसार ती सुमारे 1.6 कोटी रुपये होती. गोव्याचे आधीचे प्रशिक्षक सर्जिओ लोबेरा, अहमद जाहू, मुर्तदा फॉल आणि गोव्याचा घरचा मुलगा मंदार राव देसाई, हे सगळेही मुंबईत पोहोचले. त्याच मोसमात मुंबईने उपांत्य फेरीत गोव्यालाच पेनल्टीवर हरवलं, आणि शील्ड व चषक दोन्ही जिंकले. प्रतिस्पर्ध्याला खेळाडू देण्याची खरी किंमत ही अशी दुप्पट असते: आपण कमी होतो आणि समोरचा वाढतो.

पण गोष्ट इथे संपत नाही. 2021 मध्ये मुंबईनेही बुमूसला विकलं, आणि तेही ज्यांना फायनलमध्ये हरवलं होतं त्या एटीके मोहन बागानला. पुढच्या मोसमात मुंबई पाचवी आली. मात्र तेव्हा लोबेराही गेले होते, म्हणून सगळं खापर एका विक्रीवर फोडता येत नाही. 2022-23 मध्ये मुंबईने पुन्हा शील्ड जिंकली.

आणखी एक गोष्ट. भारतीय खेळाडूला परदेशी क्लब क्वचितच घेतात. म्हणजे आपल्याकडे गिऱ्हाईक जवळजवळ नेहमी प्रतिस्पर्धीच असणार. ‘कुणालाही द्या, पण त्यांना नको’ हे ऐकायला बरं वाटतं, पण इतक्या लहान लीगमध्ये ते जमत नाही.

आता आपल्या तेलंगणाचं उदाहरण. पुण्याचा एफसी पुणे सिटी बंद पडल्यावर 2019 मध्ये त्याच्या जागी हैदराबाद एफसी आला. मुधोळहून मॅच बघायला जायचं तर गचीबावली. 2021-22 मध्ये हा संघ चॅम्पियन झाला. लगेच आशिष राय मोहन बागानला गेला. तरी 2022-23 मध्ये हैदराबाद लीगमध्ये दुसरं आलं. 2023 मध्ये आकाश मिश्रा मुंबईला गेला. दोन्ही जागा भरून काढता आल्या असत्या. पण मग पगार थकले, फिफाने नवे खेळाडू घेण्यावर बंदी घातली, बाकीचेही निघाले आणि 2023-24 मध्ये संघ 8 गुणांसह तळाला गेला. 2025 मध्ये तर क्लबच दिल्लीला गेला. आधी पुण्याच्या चाहत्यांनी जे भोगलं तेच आपल्या वाट्याला आलं.

म्हणून माझं मत असं: विकावा, पण तीन गोष्टी बघून. खेळाडूलाच जायचं असेल, तर कराराचं एखादं वर्ष बाकी असतानाच सौदा करावा, नाहीतर तो फुकट जातो. त्याच्या जागी खेळणारा मुलगा आधी तयार असावा. आणि आलेला पैसा संघातच राहावा, म्हणजे पगारात आणि लहान मुलांच्या प्रशिक्षणात. या तिन्हीची उत्तरं नीट असतील तर तो कुणाकडे गेला हा प्रश्न मागे पडतो. लाडका खेळाडू गेला की आपण चिडतो, पोस्टर फाडतो. पण उरलेल्यांचे पगार वेळेवर होतायत का, हे आपण कधी विचारतो? हैदराबादबद्दल तरी ते वेळीच विचारायला हवं होतं.