गोल लूमवरची पर्स: शोभा लोकरीची, वजन अस्तराचं

आजच्या भागात गोल लूमवर विणलेली पर्स. लूम म्हटलं की हातमाग डोळ्यासमोर येतो, पण हे तसलं काही नाही. प्लास्टिकचं एक गोल कडं, त्यावर उभ्या खुंट्या आणि सोबत एक आकडी, एवढंच. बाजारातल्या संचात बहुतेक वेळा 24, 31, 36 आणि 41 खुंट्यांची चार कडी असतात. पर्ससाठी सगळ्यात लहान, 24 खुंट्यांचं घ्या. दोन सुयांचं विणकाम येत नसेल तरी अडत नाही. एका दुपारी हात बसतो.

अडतं ते पुढे. पर्स दिसते छान, पण आत मोबाईल, पाकीट, चाव्या पडल्या की आठ दिवसांत लोंबायला लागते. घरी वापरायची असेल तर ठीक. पण येरमाळ्याच्या चैत्री यात्रेत पाल ठोकून विकायची असेल, तर लोंबलेली पर्स घेतलेलं गिऱ्हाईक पुन्हा येत नाही. म्हणून आज विणण्याइतकंच न लोंबण्याबद्दल बोलू.

ताणते का?

सोलापुरी चादर आणि बनियन शेजारी ठेवा. चादरीत उभे-आडवे धागे सरळ जातात. ओढली तरी ती फारशी वाढत नाही, कारण सरळ धागा आणखी सरळ काय होणार? बनियन मात्र विणलेलं असतं, म्हणजे एका फासातून दुसरा फास काढलेला. प्रत्येक फास वाकडा आहे. ओढलं की वाकडा धागा सरळ होतो आणि कापड लांबतं. मोज्यांचंही तेच. 1589 साली इंग्लंडमध्ये विल्यम ली यांनी मोजे विणायचं यंत्र केलं, त्यातही मुळात हेच फासात फास. आपलं कडं त्याचाच हाताने चालवायचा साधा भाऊबंद.

थोडक्यात, ताणणं हा विणकामाचा स्वभाव आहे. घट्ट विणून तो जात नाही. वजन दुसऱ्या कशावर तरी टाकावं लागतं.

विणकाम

1. जाड लोकर घ्या. बारीक असेल तर दोन-तीन पदर एकत्र धरा. खुंट्या लांब-लांब असतात, एका पदराने जाळी पडते.
2. बाजूच्या खुंटीला टोक अडकवा. मग प्रत्येक खुंटीला एक वेढा घालत पूर्ण फेरी मारा आणि वरून आणखी एक फेरी. आता प्रत्येक खुंटीवर दोन फास आहेत.
3. आकडीने खालचा फास वरच्यावरून उचलून खुंटीच्या आत टाका. सगळ्या खुंट्या झाल्या की एक ओळ झाली. पुन्हा वेढे, पुन्हा उचल.
4. साधारण 40 ओळींत वीतभर उंची येते. लोकर जाड-बारीक असेल तर कमी-जास्त.
5. शेवटी कड्याच्या घेराच्या दुप्पट धागा ठेवून कापा, दाभणात ओवा, एकेक फास खुंटीवरून उतरवत त्यातून न्या आणि ओढा. तळ चुण्या पडून मिटतो. मधलं भोक चार टाके घालून बंद करा.

सुरुवातीची कड म्हणजे पर्सचं तोंड. हा आकार ओळखीचा वाटतो ना? हा आपला आजीचा बटवाच. म्हणून चेन लावायच्या भानगडीत पडू नका. तोंडापासून दोन ओळी खाली, टाक्यांमधून दोन नाड्या ओवा, एकीची टोकं डावीकडे आणि दुसरीची उजवीकडे. दोन्हीकडून ओढलं की तोंड बंद.

अस्तर आणि पट्टा

माप कड्यावर घेऊ नका. काम उतरवलं की ते आक्रसतं, तेव्हा पर्स सपाट ठेवून घ्या. अस्तराला जुन्या सुती साडीचं किंवा खणाचं कापड उत्तम. शिवून झालेलं अस्तर लोकरीपेक्षा एक बोट आखूड हवं. सगळी गंमत त्या एका बोटात आहे. वस्तू अस्तराच्या तळावर टेकतात, लोकरीचा तळ मोकळा राहतो, आणि लोकरीला ताणायचं कारणच उरत नाही. अस्तर नाडीच्या खाली हाताने टाचा.

पट्टा विणू नका. साडीचा काठ दुहेरी शिवून घ्या, आणि तो तोंडाशी संपवू नका. लोकर आणि अस्तर यांच्या मधून एका बाजूने खाली न्या, अस्तराच्या तळाखालून फिरवून दुसऱ्या बाजूने वर काढा, आणि अस्तराला शिवून टाका. झोळीसारखं सगळं वजन काठावर येतं.

मग परीक्षा. एक किलो तुरीची डाळ घालून पर्स रात्रभर खिळ्याला टांगा. आधी आणि सकाळी उंची मोजा. फरक दिसला तर अस्तर अजून आखूड करा.

आणखी एक. दुकानात लोकर म्हणून मिळते ती बऱ्याचदा ॲक्रिलिक असते. गरम इस्त्री लागली की चपटी होते, वितळतेही.

किंमत

24 खुंट्या गुणिले 40 ओळी म्हणजे 960 टाके. एका टाक्याला सहा सेकंद धरले तर 1 तास 36 मिनिटं. सुरुवात, शेवट, सुटलेले टाके धरून दोन तास. अस्तर, पट्टा, नाड्या यांचे आणखी दोन. एकूण चार तास.

महाराष्ट्रात 2025-26 साठी रोजगार हमीची मजुरी दिवसाला 312 रुपये. आठ तासांनी भागलं तर तासाला 39. चार तासांचे 156. समजा सामानाला 100 गेले, तर 256 झाले. ही किंमत नव्हे, हा तळ आहे. गिऱ्हाईकाने घासाघीस करून 150 ला मागितली आणि आपण दिली, तर हातात उरले 50, म्हणजे तासाला साडेबारा रुपये. उन्हात खोदकाम करणाऱ्या बाईलाही यापेक्षा जास्त मिळतात.

"घरी बसून तर केलंय" असं कोणी म्हटलं, तर हा हिशेब कागदावर लिहून पालावर लावा. बसून केलं तरी टाके 960 च असतात.

भेटू पुढच्या भागात.