परतलेल्या हास्याचे मोजमाप

चेहऱ्याचे प्रत्यारोपण म्हणजे मेंदुमृत दात्याच्या चेहऱ्याची त्वचा, स्नायू, रक्तवाहिन्या, चेतातंतू आणि गरजेप्रमाणे हाडेही एकसंध काढून, भाजल्यामुळे, प्राण्याच्या चाव्यामुळे किंवा बंदुकीच्या गोळीमुळे चेहरा गमावलेल्या रुग्णाला ती जोडणे होय. असे पहिले, अंशतः प्रत्यारोपण २७ नोव्हेंबर २००५ रोजी फ्रान्समधील आमियाँ येथे बेर्नार द्वोशेल आणि झां-मिशेल द्युबेर्नार यांच्या पथकाने केले, आणि त्यात ३८ वर्षांच्या एका महिलेला नाक, ओठ व हनुवटी मिळाली. त्यानंतरच्या दोन दशकांत जगभरात अशा सुमारे ५० शस्त्रक्रिया झाल्या. जोडलेला भाग जगला की नाही हे रक्तपुरवठ्यावरून आणि ऊतींच्या तपासणीवरून सांगता येते. परंतु तो भाग हलू लागला का, किती हलू लागला आणि त्या हालचालीला भावाचे रूप आले का, हे सांगणे त्याहून पुष्कळ कठीण असते.

चेहऱ्याचे भावदर्शक स्नायू सातव्या कपालचेतेच्या, म्हणजे मेंदूपासून निघून कानाजवळून चेहऱ्यात शिरणाऱ्या आणि पुढे कपाळ, डोळा, गाल, जबड्याची कडा व मान अशा पाच शाखांत विभागणाऱ्या चेतेच्या, आज्ञेत असतात. शस्त्रक्रियेत रुग्णाच्या चेतेची टोके दात्याच्या चेतेच्या टोकांशी सूक्ष्मदर्शकाखाली शिवली जातात. तथापि या शिवणीतून संदेश लगेच जात नाही, कारण दात्याकडील तंतू झडून जातात आणि त्यांच्या रिकाम्या नळ्यांतून रुग्णाचे तंतू दिवसाला साधारण १ मिलिमीटर या गतीने नव्याने वाढत स्नायूपर्यंत पोहोचतात. संवेदना मात्र पाचव्या कपालचेतेमार्फत येते आणि बहुधा हालचालीच्या आधी परतते. आमियाँच्या रुग्णाबाबत हलका स्पर्श, उष्णता व थंडी यांची जाणीव सहा महिन्यांत पूर्ववत झाली, परंतु दोन्ही ओठ टेकून तोंड पूर्ण मिटण्यास दहा महिने लागले.

या प्रगतीची नोंद करण्यासाठी वापरल्या जाणाऱ्या अनेक मापनपद्धती मुळात वेगळ्याच आजारासाठी, म्हणजे चेहऱ्याच्या एका बाजूच्या अर्धांगासाठी, तयार झाल्या आहेत. १९८५ मध्ये मांडलेली हाउस-ब्रॅकमन श्रेणी चेहऱ्याला सामान्य ते पूर्ण लुळेपणा अशा सहा पायऱ्यांपैकी एका पायरीवर बसवते. १९९६ मध्ये प्रसिद्ध झालेली सनीब्रुक पद्धती भुवया उंचावणे, डोळे हलकेच मिटणे, दात दाखवून हसणे, नाक आक्रसणे आणि ओठांचा चंबू करणे या पाच हालचालींना गुण देते, आणि त्यातून विश्रांतीच्या वेळची विषमता व सहगती यांचे गुण वजा करते. सहगती म्हणजे डोळा मिटताना ओठाचा कोपराही ओढला जाणे. वाढणारे तंतू चुकीच्या स्नायूकडे वळल्याने ती उद्भवते. या दोन्ही पद्धती निरोगी बाजूला गृहीत धरून दुसरी बाजू तिच्याशी ताडतात. परंतु पूर्ण चेहऱ्याच्या प्रत्यारोपणात दोन्ही बाजू परक्या असतात आणि अपघातापूर्वीचा चेहराही तुलनेला उपयोगी पडत नाही, कारण स्नायू दात्याचे आणि आज्ञा रुग्णाची असते. त्यामुळे दोन्हीकडे सारखीच दुर्बल हालचाल असलेला चेहरा सममितीच्या निकषावर फसव्या रीतीने चांगला ठरू शकतो.

हा दोष टाळण्यासाठी रुग्णाची तुलना त्याच्याच आधीच्या चित्रफितींशी आणि निरोगी व्यक्तींच्या मोजमापांशी केली जाते. १९७८ मध्ये पॉल एकमन व वॉलेस फ्रीसन यांनी मांडलेली पद्धती प्रत्येक दृश्य हालचालीला क्रमांक देते. ओठांचे कोपरे वर खेचले जाणे हा १२ वा, तर गाल उंचावून डोळ्यांभोवती सुरकुत्या पडणे हा ६ वा घटक आहे, आणि दोन्ही एकत्र आले की खुललेले हास्य दिसते. डोळ्याला दिसण्याइतकी हालचाल होण्यापूर्वीही स्नायूत चेतेचा संदेश पोहोचल्याचे कळावे म्हणून सुईने किंवा त्वचेवरील चकतीने स्नायूचे विद्युत्-आलेखन करतात. अलीकडे संगणक चित्रफितीतील चेहऱ्यावरचे बिंदू टिपून आनंद, दुःख, राग, भय, आश्चर्य व किळस यांची तीव्रता काढतो. बॉस्टनमधील पथकाने सहा रुग्णांवर केलेल्या आणि २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात आनंद व्यक्त करण्याची क्षमता लक्षणीय सुधारली, पण इतर भावांबाबत तसे आढळले नाही. हास्यासाठी ओठांचे कोपरे उचलणे प्रामुख्याने पुरते, तर दुःख किंवा भय दाखवण्यास कपाळ, भुवया व तोंड यांच्या बारीक हालचालींचा मेळ लागतो, हे ध्यानी घेतल्यास हा फरक समजण्यासारखा आहे.

मोजमापाची आणखी एक मर्यादा आज्ञेवर केलेल्या हालचालींत दडलेली आहे. सांगितल्यावर हसणे मेंदूच्या ऐच्छिक मार्गाने होते, तर विनोद ऐकून उमटलेले हसू भावनांशी निगडित वेगळ्या मार्गाने येते. म्हणूनच पक्षाघाताच्या काही रुग्णांना सांगून हसता येत नाही, पण गमतीची गोष्ट ऐकताच दोन्ही ओठकोपरे उंचावतात. नाट्यशास्त्राने आंगिक, म्हणजे अवयवांच्या हालचालींनी केलेला, आणि सात्त्विक, म्हणजे आतल्या भावातून उमटलेला, अभिनय यांत केलेला भेद येथे आठवावा. चाचणीकक्षात उत्तम गुण मिळवणारा चेहरा घरच्या पंगतीत बोलका असेलच असे नाही, आणि म्हणून दोन्ही प्रकारचे हसू वेगवेगळे नोंदवले पाहिजे.

याशिवाय पाणी न सांडता पिता येणे, प, फ, ब, भ, म ही ओष्ठ्य व्यंजने स्पष्ट उच्चारता येणे आणि डोळा पूर्ण मिटून बुबुळ सुरक्षित राहणे, या साध्या कसोट्या कोणत्याही गुणांकापेक्षा रुग्णाच्या दिनक्रमाशी अधिक जवळच्या आहेत. शिवाय मिळालेली हालचाल कायम टिकेलच असे नाही, कारण शरीराने परक्या ऊतींचा स्वीकार करावा म्हणून प्रतिकारशक्ती दडपणारी औषधे जन्मभर घ्यावी लागतात आणि तरीही नकाराची लक्षणे उद्भवू शकतात. पहिल्या रुग्णानेही २०१६ मध्ये मृत्यू येण्यापूर्वी ओठांची काही हालचाल गमावली होती. पहिल्या ५० प्रत्यारोपणांच्या आढाव्यात पाच वर्षांनी ८५ टक्के आणि दहा वर्षांनी ७४ टक्के कलमे, म्हणजे जोडलेले भाग, टिकल्याचे दिसले. त्यामुळे हालचालीची मोजणी पहिल्या हास्यापाशी थांबवणे अपुरे आहे. कलम टिकेल तितकी वर्षे ती चालू ठेवली, तरच मिळालेल्या चेहऱ्याचा खरा हिशेब लागतो.