वैज्ञानिक सचोटी म्हणजे काय?

वैज्ञानिक सचोटी म्हणजे स्वतःच्या निष्कर्षाला बाधक ठरणारी माहितीही न लपवता मांडण्याची आणि तो निष्कर्ष इतरांच्या पडताळणीसाठी खुला ठेवण्याची वृत्ती होय. वाण्याने माल तोलण्यापूर्वी रिकाम्या तराजूचा काटा गिऱ्हाइकाला दाखवावा, तसेच हे आहे. विज्ञान वस्तुनिष्ठ (व्यक्तीच्या मतावर अवलंबून नसलेले) असल्याने त्यात वैयक्तिक मूल्यांना स्थान नाही, असा समज आढळतो. परंतु ही वस्तुनिष्ठता सचोटीसारख्या मूल्यांच्या आधारेच टिकते. २०११ साली ‘ऑपेरा’ प्रयोगात न्यूट्रिनो (विद्युतभार नसलेले, अत्यल्प वस्तुमानाचे मूलकण) प्रकाशापेक्षा वेगवान असल्याचे मोजमाप मिळाले, तेव्हा संशोधकांनी इतरांना तपासणीचे आवाहन केले आणि २०१२ मध्ये त्या चुकीच्या मोजमापामागील प्रकाशतंतूच्या सैल जोडणीचा दोषही स्वतःच जाहीर केला. प्रामाणिक चूक सचोटीला बाधक ठरत नाही. ती दडवणे मात्र ठरते.