वैज्ञानिक आज्ञावलीला हवी लेखी माहितीची जोड

पुण्यातील बिबवेवाडी येथे १९८३ साली विश्वकर्मा तंत्रज्ञान संस्था स्थापन झाली. अशा संस्थांतून दरवर्षी विद्यार्थ्यांची एक तुकडी बाहेर पडते आणि दुसरी प्रवेश करते. माणसे जातात, त्यांनी रचलेल्या संगणकाच्या आज्ञावल्या मागे राहतात. आज्ञावली म्हणजे कोणते गणित कोणत्या क्रमाने करावे, हे संगणकाला सांगणारी सूचनांची मालिका. तिच्यामागील गृहीते लिहून ठेवली नसतील, तर पुढच्या माणसाला उत्तर मिळते. पण ते कितपत विश्वासार्ह, हे कळत नाही.

मिलिमीटरमध्ये पाऊस मागणाऱ्या आज्ञावलीला तो इंचांत दिला, तर पावसाचे प्रमाण सुमारे पंचवीसपटींनी कमी धरले जाते. संगणक तक्रार करीलच असे नाही. त्या हिशेबावर बांधलेल्या बंधाऱ्याची किंमत मात्र गावाला मोजावी लागते.

एरियनचा धडा

४ जून १९९६ रोजी युरोपचे ‘एरियन-५’ हे अग्निबाण-यान पहिल्याच उड्डाणात सुमारे ४० सेकंदांत नष्ट झाले. ‘एरियन-४’साठी लिहिलेल्या आज्ञावलीचा एक भाग त्यात तसाच वापरला होता. नव्या यानाचा आडवा वेग अधिक होता आणि त्यासंबंधीची संख्या ठरलेल्या जागेत मावली नाही. तेथे संरक्षण न ठेवण्याचा निर्णय विचारपूर्वक घेतलेला होता. परंतु त्याची कारणे आज्ञावलीत नोंदलेली नव्हती. ती कागदपत्रांच्या ढिगात झाकली गेली होती, असे चौकशी मंडळाने दाखवून दिले. केवळ कागद वाढवून भागत नाही. नोंद कामाच्या जागीच हवी.

खोडदचा अनुभव

जुन्नर तालुक्यातील खोडद परिसरात ४५ मीटर व्यासाच्या ३० अँटेनांची महाकाय रेडिओ दुर्बीण आहे. तिच्या निरीक्षणांच्या विश्लेषणासाठी शास्त्रज्ञांनी अमेरिकेत तयार झालेली ‘एआयपीएस’ ही आज्ञावली वापरली. तिच्या मार्गदर्शिकेचे नावच ‘कुकबुक’, म्हणजे पाककृतींचे पुस्तक. कोणती पायरी केव्हा करावी, हे त्यात क्रमाने दिलेले आहे. त्यामुळे मूळ रचनाकारांना कधीही न भेटलेला अभ्यासकही ते काम करू शकतो.

काय लिहावे?

आज्ञावलीचा हेतू, मोजमापाची एकके, वापराच्या मर्यादा, एक सोडवलेले उदाहरण आणि प्रत्येक बदलाची तारीख व कारण, एवढी नोंद तरी हवीच. कार्यालयाने किंवा शाळेने आज्ञावली स्वीकारताना ही नोंद मागून घ्यावी. सार्वजनिक पैशातून उभे राहिलेले ज्ञान एका व्यक्तीच्या स्मरणावर अवलंबून राहू नये.